'मान्य आहे' म्हणजे नेमके काय मान्य?

मा. संपादक,
स. न.

लातूरच्या बाजार समितीच्या आवारातील एका आडत दुकानाचा हिशेब मी अनेक वर्षे सांभाळतो. यंदा सोयाबीनची आवक सुरू होण्याआधी मालकांनी पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायची विक्रीच्या हिशेबाची बिले) काढण्यासाठी नवे सॉफ्टवेअर घेतले. 'मान्य आहे' या चौकटीत खूण करण्यापूर्वी मी त्याच्या अटी वाचायला बसलो. त्या होत्या जेमतेम चार पाने. पण 'खालील दस्तऐवज या कराराचाच भाग समजले जातील' असे म्हणून शेवटी गोपनीयता धोरण, वापराचे नियम, पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थाच्या अटी आणि आपली माहिती जिच्या सर्व्हरवर राहणार त्या कंपनीच्या अटी, अशा चार लिंक दिल्या होत्या. चौथ्या लिंकच्या पोटात आणखी तीन निघाल्या आणि त्यांतली एक उघडलीच नाही.

दुसऱ्या दस्ताचा हवाला देऊन तो करारात सामील करणे बेकायदा नाही. जमिनीच्या खरेदीखतातही 'सोबतचा नकाशा या दस्ताचा भाग आहे' असे लिहितात. पण तो नकाशा दस्ताला जोडलेला असतो आणि नोंदणीनंतर त्यात परस्पर फेरफार करता येत नाही. लिंकमागचे पान मात्र कंपनीने रातोरात बदलले तरी 'वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे' या दोन शब्दांच्या जोरावर ते आपल्याला मान्य असल्याचे गृहीत धरले जाते. (आडतीत तोंडी सौदे होतात, पण बोललेला भाव कोणी दुसऱ्या दिवशी 'सुधारत' नाही.)

दुसऱ्या करारातील लवादाचे (वाद न्यायालयाऐवजी त्रयस्थाकडून सोडवण्याचे) कलम नुसत्या मोघम उल्लेखाने सहसा लागू होत नाही, त्या कलमाचा स्पष्ट निर्देश हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये एम. आर. इंजिनिअर्स प्रकरणात 1996 च्या लवाद कायद्याचा अर्थ लावताना म्हटले होते. हीच काटेकोर दृष्टी लिंकने जोडलेल्या इतर अटींनाही लावायला हवी. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीपूर्वीची सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याची सोय ठेवली आहे. पण ती वैयक्तिक माहितीपुरतीच. जोडलेल्या प्रत्येक दस्ताचे नाव, त्याची तारीख आणि संमतीच्या दिवशीची प्रत ग्राहकाला देणे केंद्र सरकारने बंधनकारक करावे, एवढीच मागणी आहे.

मालकांना घाई होती, म्हणून खूण मी केलीच. मात्र लिंकमागची उघडलेली सहाही पाने छापून, त्यांवर तारीख टाकून खातेवह्यांच्या कपाटात ठेवली आहेत.

आपला,
एक मुनीम, लातूर