डार्सीचे दहा हजार पौंड वर्षाला की एकूण?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांविषयी आलेला लेख वाचला. लेख मनापासून लिहिला आहे, परंतु त्यात या कादंबऱ्यांना ‘तरल प्रेमकथा’ म्हटले असून त्यांतील पैशाच्या आकड्यांविषयी एक ओळही नाही. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले. त्या अनुभवावरून मला असे वाटते की, हे आकडे गाळले तर या कादंबऱ्यांतील माणसे असे का वागतात याचा उलगडाच होत नाही.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (1813) शिकवायला घेतली की पहिल्याच आठवड्यात एखादी मुलगी नायकाविषयी हमखास विचारी, “मॅडम, डार्सीचे दहा हजार पौंड वर्षाला का एकूण?” जिला हा प्रश्न पडला तिला निम्मी कादंबरी कळलेली असे. या कादंबरीत पुरुषाची ऐपत वर्षाच्या उत्पन्नात सांगितली जाते: डार्सीचे दहा हजार, त्याच्या मित्राचे, बिंगलीचे, चार-पाच हजार. स्त्रीची मात्र एकरकमी सांगितली जाते: डार्सीच्या बहिणीचे तीस हजार, मिस किंगचे दहा हजार. हा भेद मला कधी समजावून सांगावा लागला नाही, कारण आमच्याकडेही स्थळ सुचवताना मुलाचे ‘ओलिताचे आठ एकर, बापाला एकुलता एक, शिवाय नोकरी’ असे चालू उत्पन्न सांगतात आणि मुलीच्या बाजूने किती लाख आणि किती तोळे हे यादीच्या बैठकीत एकदाच ठरते.

लग्नाची मागणी घालतानाच दूरचा नातलग कॉलिन्स नायिकेला, एलिझाबेथला, ऐकवतो की, तिच्या वाट्याला चार टक्के व्याजाने गुंतवलेले एक हजार पौंड येणार आहेत आणि तेही आईच्या पश्चात. एका वर्षी एका विद्यार्थिनीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून मला दाखवला होता: वर्षाला चाळीस पौंड, म्हणजे डार्सीच्या उत्पन्नाचा अडीचशेवा भाग. ज्या घरात एलिझाबेथ राहते ती इस्टेट केवळ पुरुष वारसाकडे जाणार आणि तो वारस कॉलिन्सच. त्यामुळे त्याला नकार देणे ही मुलींना नुसती बाणेदारपणाची गोष्ट वाटत नसे, त्यांना धडकी भरत असे. एलिझाबेथची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट त्याच कॉलिन्सशी लग्न करते यावर पाठ्यपुस्तकी उत्तर ‘व्यवहारी तडजोड’ असे असते. आमच्या वर्गात मात्र तिची बाजू घेणाऱ्याच अधिक निघत. ती आपल्या बसण्यासाठी मुद्दाम घराच्या मागच्या बाजूची खोली निवडते, कारण समोरची चांगली खोली घेतली तर नवरा सारखा येऊन बसेल. हे वाचल्यावर सगळा वर्ग हसे. वर्गातल्या लग्न झालेल्या दोन-तीन मुली मात्र तेवढ्या हसत नसत.

मला स्वतःला सर्वांत जड जाई ते ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चे (1811) दुसरे प्रकरण. मरणाऱ्या बापाला शब्द दिलेला जॉन डॅशवूड सावत्र बहिणींना मिळून तीन हजार पौंड द्यायचे ठरवतो. बायकोशी बोलता बोलता तिघींचे एक-एक हजार पाचशेंवर येतात, मग सावत्र आईलाच वर्षाला शंभर देण्याचे निघते, मग अधूनमधून पन्नास, आणि शेवटी घर हलवायला मदत व हंगामात मासे आणि शिकार पाठवणे एवढ्यावर वडिलांचा शब्द पाळला गेला असे नवरा-बायको दोघेही मानतात. कोणी आवाज चढवत नाही, कोणाच्या मनात पाप येत नाही. माझे वडील वारल्यावर आम्ही तिघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर लिंबाखाली रसवंती होती. भावाने सर्वांना रस पाजला, थोरलीच्या बोटाची शाई पुसायला आपला रुमाल दिला आणि घरी आल्यावर वहिनीने साड्या दिल्या. माझी मोरपंखी होती. भाऊ वाईट नाही, दिवाळीला आजही नेमाने बोलावतो. पण त्यानंतर हे प्रकरण शिकवताना माझा आवाज मला थोडा सांभाळावा लागे. मुलींना 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित शेतीतही मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, हे मी सह्या करतानाही जाणून होते.

तुलना सगळीकडे जुळत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने लग्नानंतर स्त्रीची रोकड आणि कमाई नवऱ्याची होई. 1870 व 1882 च्या कायद्यांनी हे बदलले. मात्र पैसेवाल्या घरांत लग्नाआधी वकिलाकरवी करार होई, आणि स्त्रीच्या हातखर्चाला किती, ती विधवा झाल्यास किती, मुलांना किती हे त्यात लिहिलेले असे. आपल्याकडे 1961 पासून हुंडा हा गुन्हा असल्याने तो दिला जातो पण त्याचा चिठोराही नसतो, आणि मुलगी माघारी आली की बापाकडे दाखवायला काही उरत नाही.

लेखिकेच्या स्वतःच्या हिशेबावरही आपल्या लेखात काही असते तर बरे झाले असते. डिसेंबर 1802 मध्ये, सत्तावीस पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना, तिने एका इस्टेटीच्या वारसाला संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या सकाळी तो परत घेतला. वडील 1805 मध्ये वारल्यावर आई आणि दोघी बहिणी भावांच्या मदतीवर राहिल्या. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने 110 पौंडांना विकले, तिला 150 हवे होते. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या पद्धतीने हिशेब केला तर ही डार्सीची चार दिवसांची मिळकत होते.

आमच्या ग्रंथालयातील एका संक्षिप्त मराठी आवृत्तीत सगळे नृत्यसमारंभ शाबूत आहेत आणि रकमा तेवढ्या ‘गडगंज’, ‘बेताची’, ‘भरपूर’ अशा शब्दांत बुडवल्या आहेत. आपल्या पुरवणीत अशा अनुवादांची परीक्षणे येत असतात. पुढील परीक्षणकर्त्यांनी मूळ आकडे अनुवादात राहिले आहेत का, आणि ते वर्षाचे आहेत की एकरकमी हे वाचकाला कळते का, एवढे तपासावे, ही विनंती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
जि. परभणी