घुसले ते पाणी : बडोद्याहून एक आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

संस्थेत आपल्याला लहानथोर सगळेच बेन म्हणतात. दांडिया बाजारासारख्या मराठी वस्तीत वाढलेल्या मला मात्र पहिल्याच दिवशी ताई म्हणण्याची मुभा मिळाली होती, ती या पत्रातही घेते आहे. मे आणि जून मिळून सहा आठवडे विश्वामित्री नदीतल्या मगरींविषयीची पत्रके, फलक आणि बातम्यांचे मसुदे तयार करण्याचे काम आपल्या हाताखाली केले. निरोपाच्या दिवशी आभाराचे चार शब्दही मला धड बोलता आले नाहीत, म्हणून हे उघड पत्र. माझ्यामागून या कामाला येणाऱ्या मुलामुलींनीही ते वाचावे, अशी इच्छा आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या एका ठिकाणी इंटर्नशिप केली होती. तेथे काम एवढेच, की प्राण्यांच्या चित्रफितींना छाती धडधडेल असे संगीत लावायचे आणि वर लाल अक्षरांत मथळा चढवायचा. प्रमाणपत्र मात्र सुंदर मिळाले. त्याच सवयीने मी आपल्याला पहिला मसुदा दिला. विषय ऑगस्ट 2024 च्या पुराचा होता आणि पहिलेच वाक्य होते, ‘शहरात मगरी घुसल्या.’ आपण ‘घुसल्या’ या शब्दाभोवती लाल गोल काढून समासात लिहिलेत, ‘घुसले ते पाणी. मगर पाण्याबरोबर आली.’ त्यानंतर त्या दिवसांची सगळी माहिती समोर ठेवून मला पुन्हा लिहायला बसवलेत. नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर मजल मारली होती. 27 ते 29 ऑगस्ट या तीन दिवसांत वस्त्यांमधून 24 मगरींची सुटका झाली, त्यांतली सर्वांत लहान 2 फुटांची आणि सर्वांत मोठी 14 फुटांची. मी ‘मगरी पकडल्या’ असे लिहिले होते. त्या जागी ‘सुटका केली’ हा शब्द आला, तेव्हा संकटात नेमके कोण होते, हे माझे मलाच पहिल्यांदा दिसले. त्याच पानावरचा ‘नक्राश्रू’ हा मथळा आपण काहीही न बोलता खोडलात. तो मला फार आवडला होता, हे आज कबूल करते.

मराठी मजकुरात मी काही ठिकाणी ‘मगर’ आणि काही ठिकाणी ‘सुसर’ असे लिहिले होते, केवळ तोच शब्द पुन्हा यायला नको म्हणून. लांब, निमुळत्या तोंडाची सुसर आपल्या नदीत नाही. आहे ती मगरच, आणि फेब्रुवारी 2025 च्या गणनेत तिची संख्या 442 भरली. शाळेत शिकवलेली शब्दांची विविधता येथे चक्क चूक ठरते, हे आपण समजावून सांगितलेत.

सगळ्यांत जास्त आठवते ती काठावरची सकाळ. फलकाचा गुजराती मसुदा छापण्यापूर्वी तो रोज नदीवर येणाऱ्या माणसांना वाचून दाखवायचा, असा आपला नियम. ‘मगरींच्या अधिवासात प्रवेश टाळावा’ या अर्थाचे माझे वाक्य म्हशी घेऊन आलेल्या एका मावशींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तो भेंसोने पाणी क्यां पावुं?” म्हणजे, मग म्हशींना पाणी कुठे पाजायचे? माझ्याकडे उत्तर नव्हते. आपण मात्र तेथेच पायरीवर बसून त्यांना विचारत राहिलात, की म्हशी किती वाजता येतात, कोणत्या उतारावरून उतरतात, सोबत मुले असतात का. संध्याकाळी घरी जाऊन मी जे लिहिले, तेच आज फलकावर आहे : अंधार पडल्यावर गुरांना पाण्यात उतरवू नका, पाणी उंच काठावरून बादलीने घ्या, ओंडका वाटला तरी लांबूनच बघा. खाली वन विभागाचा दूरध्वनी क्रमांक, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. निघताना मावशी म्हणाल्या, की मगर हे खोडियार माताजींचे वाहन आहे, तिच्याशी आमचे वैर नाही. मी लगेच वहीत ‘जनजागृती’ असा शब्द लिहून ठेवला होता. आपण हसून विचारलेत, की यांना नक्की कोणत्या झोपेतून जागे करणार आहेस?

छायाचित्राची गोष्ट तर मी अजून घरीही सांगितलेली नाही. अंड्यांतून पिल्ले बाहेर येण्याचे, पावसाच्या तोंडावरचे दिवस होते आणि काठावरच्या बिळाजवळ मादी बसलेली मला दिसली होती. ते छायाचित्र त्याच रात्री सगळीकडे पाठवण्याची मला घाई झाली होती. आपण रागावला नाहीत. फोन माझ्या हातात परत देऊन, मगर सोडून चित्रात आणखी काय दिसते, ते पाहायला सांगितलेत. मागे एका देवळाच्या पायऱ्या आणि एक तुटका पाइप होता. काळा घोडा या पुतळ्याजवळच्या पुलावर स्कूटर थांबवून मगर पाहणाऱ्या आपल्या गावाला ती जागा ओळखायला अर्धा मिनिटही लागला नसता, आणि दुसऱ्या दिवशी तेथे जत्रा भरली असती. ते छायाचित्र अजून माझ्या फोनमध्येच आहे.

या कामाच्या बसभाड्याची आणि जेवणाची सोय आपण न मागता केलीत, त्याबद्दल आईबाबांनीही आभार कळवायला सांगितले आहेत.

एक कळवायचे राहिले. पाऊस ओसरल्यावर परवा मी नदीवर जाऊन आले. फलक जागेवर आहे. खालच्या दोन ओळींवर गाळ बसला होता, तो धुऊन काढला. तेव्हा दिसले, की मराठी मजकुरात ‘पाणी’ या शब्दातला ‘णी’ ऱ्हस्व छापला गेला आहे. अंतिम प्रूफ मीच तपासले होते. पुढच्या छपाईच्या वेळी कृपया मला बोलवावे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
दांडिया बाजार, बडोदे