वसुबारसेची रांगोळी: गुरुवारी ५ वाजता गेटपाशी या

नमस्कार मंडळी, शुक्रवारी वसुबारस, म्हणून गुरुवारी संध्याकाळी ५ ला सगळे गेटपाशी या, फरशी धुवून गेरू लावायचाय, तो रात्रभर सुकला तरच सकाळी ६ ला पांढरी रेघ उठून दिसते, ओल्यावर काढली की रांगोळी भिजून डाग पडतात.

यंदा स्टिकर, छापे, चाळणी काही नको प्लीज. १५ ते ८ ठिपक्यांची हातानेच काढायची, म्हणजे मधली ओळ १५ ची, मग दोन्हीकडे एकेक कमी करत ८ पर्यंत. शेजारी गाय-वासरू आणि गोपद्मं. येत नसेल त्यांनी ठिपके द्या, काकू शिकवतील, खरंच सोपंय!

- गाड्या गुरुवारी दुपारीच मागे लावा
- हळद-कुंकू घरून आणा, रंग वर्गणीतून