मोबाईल दुरुस्तीवाल्या दादांना जाहीर आभाराचं पत्र

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या शाळेत मुलं आणि पालक मिळून टूथब्रशचे रोबो बनवणार होती. त्यासाठी मी तुमच्याकडे बंद पडलेल्या मोबाईलमधले व्हायब्रेटर मागितले. तुम्ही डबा भरून दिलेत, वर दुकान बंद ठेवून स्वतः शाळेत आलात.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी आम्ही वर्गात नेहमी करतो. मुलं रमतात, पण घरी दाखवल्यावर "छान आहे हं" एवढ्यावर विषय मिटतो. पालक शाळेत आले तरी मागे उभे राहून फोटो काढतात. तुम्ही मात्र आल्या आल्या सगळ्यांना टेबलाशी बसवलंत आणि पहिला व्हायब्रेटर एका आजोबांच्या हातात ठेवलात. त्या केसासारख्या वायरीचं टोक सोलताना त्यांचा हात थरथरत होता. नातवाने टॉर्च धरला. तुम्ही जराही घाई केली नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटलं.

एका आईंचा रोबो जागच्या जागी गोल फिरत होता. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. "आधी हलतो कशामुळे ते बघा," एवढंच म्हणालात. व्हायब्रेटरच्या दांडीवर एका बाजूला जड असलेलं इवलंसं वजन असतं, ते फिरलं की अख्खा ब्रश थरथरतो. आणि ब्रशचे केस मागे कललेले असले की तो पुढे सरकतो. त्या बाई शिलाईकाम करतात, नजर बारीक. ब्रश डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या, "एका कडेचे केस जास्त दबलेत." बोटाने सारखे केले, व्हायब्रेटर चालवणारा नाण्यासारखा बटण सेल मधोमध चिकटवला, आणि रोबो स्टीलच्या ताटात सरळ पळाला! "माझ्या आईने केलं," असं त्यांची लेक प्रत्येक टेबलावर जाऊन सांगत होती.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे ऋण मोठे आहेत. बटण सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा घरी न थांबता थेट दवाखाना गाठायचा, हे तुम्ही सुरुवातीलाच बजावलंत. धाकटी भावंडं असलेल्या घरांना रोबोवरचा सेल टेपने पक्का बंद करून दिलात. निघताना उरलेले सेल मोजून परत घेतलेत. हे माझ्या यादीत नव्हतं.

आता पालकच विचारतात, पुढचा रोबो कधी? सुट्टीत स्केचपेनच्या पायांवर नाचत चित्र काढणारा करायचं ठरतंय. आजोबांनी सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून वायरी जोडायचं काम, शिकायचं मनावर घेतलंय, ते तुमच्या दुकानात येतील. त्यांना थोडा वेळ द्याल ना?

तुमची कृतज्ञ,
विज्ञानाच्या बाई