कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातली सिस्टर कुठाय?

संपादक महोदय,

स.न.वि.वि. आपल्या इंदूरमध्ये पाळीव प्राण्यांचे दवाखाने आता गल्लोगल्ली झालेत, काही ठिकाणी तर एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताची मशीन सगळं एका छताखाली मिळतं आणि ते चांगलंच आहे. पण डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून जो मुलगा कुत्र्याला धरतो, सलाईन बदलतो, ऑपरेशननंतर जनावराजवळ बसतो, त्याला हे काम कुणी शिकवलं हे कोणीच विचारत नाही. म्हणून हे पत्र.

मी स्वतः माणसांच्या हॉस्पिटलात सिस्टर होते, आता रिटायर झालेय. आम्हाला जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, तीन वर्षं घासून काढायला लावली, मग परीक्षा, मग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन, त्याशिवाय वॉर्डात कोणी उभं करत नव्हतं. त्यामुळे नजर आपोआप तिकडेच जाते.

शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाला पार्वो, म्हणजे उलट्या आणि रक्ताची शी होणारा व्हायरसचा आजार, झाला तेव्हा त्यांच्यासोबत मी रोज दवाखान्यात जात होते. तिथला मुलगा अगदी हुशार, पिल्लाच्या कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवून जरासा बाहेर फिरवला की पुढच्या पायाची शीर कशी टरारून वर येते हे त्याला बरोबर जमायचं, डॉक्टरांची सुई पहिल्याच झटक्यात आत. मला कौतुक वाटलं. पण तोच मुलगा त्या पिल्लाची उलटी आणि रक्ताची शी पुसून, तोच ॲप्रन घालून बाहेरच्या टेबलावर दुसऱ्या पिल्लाला लसीसाठी धरायला गेला, आणि फरशी पुसली फिनाइलने. आता पार्वोचा व्हायरस जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाइलवर भरवसा ठेवून चालत नाही, त्याला ब्लीच लागतं, तेही आधी घाण नीट धुऊन मग, आणि थोडा वेळ तसंच ओलं ठेवून. शिवाय फिनाइल मांजरांना विषारी, ती पंजे चाटतात ना. यात त्या मुलाचा काय दोष, त्याला कोणी सांगितलंच नाही, तो बघून बघून शिकलाय आणि ज्याच्याकडे बघून शिकला तोही तसाच शिकलेला.

आता इंग्लंडमध्ये काय झालं ते बघा. तिथेही आधी असंच होतं, दवाखान्यातल्या मुली पिंजरे धुवायच्या, कुत्री धरायच्या, सुया आणि हत्यारं उकळून ठेवायच्या. १९६१ मध्ये तिथल्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने त्यांच्यासाठी पहिल्यांदा रीतसर ट्रेनिंग आणि परीक्षा सुरू केली, तरी त्यांना नर्स म्हणवून घेता येत नव्हतं, ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलरी म्हणायचे, कारण नर्स हे नाव कायद्याने माणसांच्या नर्ससाठी राखीव होतं. नर्स हे नाव त्यांना १९८४ मध्ये मिळालं. १९९१ मध्ये कायदा बदलून त्यांना डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषधोपचार आणि पोट-छाती न उघडता होणारी छोटी सर्जरी करायची परवानगी मिळाली. आज तिथे डिप्लोमा किंवा डिग्री लागते, रजिस्टरमध्ये नाव लागतं, आणि दरवर्षी १५ तास नवीन शिकल्याचा हिशोब ठेवावा लागतो. निदान करायचं नाही, स्वतः औषध लिहायचं नाही, ही रेघ पक्की आहे. अमेरिकेत त्यांना व्हेटरिनरी टेक्निशियन म्हणतात, साधारण दोन वर्षांचा कोर्स, पुढे भूल, दात, इमर्जन्सी असं एकेक विषय घेऊन स्पेशलायझेशनसुद्धा करतात.

काम किती बदललंय बघा. कुत्र्याला भूल दिल्यावर कोणीतरी एकाने फक्त भूलच बघायची असते, जिभेला लावलेल्या क्लिपवर ऑक्सिजन, हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत येतोय का, पापणीला हात लावला तर हलते का, जबडा किती सैल आहे. ऑपरेशन संपल्यावर जनावर गिळायला लागलं की मगच घशातली नळी काढायची, आणि अंग गार पडू द्यायचं नाही, छोटी कुत्री-मांजरं तर फार पटकन गार पडतात. डॉक्टरांचे दोन्ही हात पोटात असताना हे सगळं त्यांनी एकट्याने कसं बघायचं?

आपल्याकडे १९८४ मध्येच भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा झाला. त्यात डॉक्टरांखालच्या डिप्लोमावाल्या लोकांना देखरेखीखाली लस टोचणं, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग अशी किरकोळ सेवा द्यायची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं असं आहे. हे सगळं गाय-म्हैस डोळ्यांसमोर ठेवून केलेलं, आणि ते बरोबरच होतं, खेड्यात त्याचीच गरज होती, आजही आहे. १९६२ नंबरवर फोन केला की गावात गाडी येते, तिच्यात डॉक्टरांबरोबर पॅराव्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचा मदतनीस, असतो, तो याच वाटेने शिकून आलेला. पण शहरातल्या क्लिनिकमध्ये मांजर तोंड उघडून श्वास घेतंय म्हणजे धावपळीची वेळ आहे हे ओळखायला कोण शिकवणार?

आणि आपल्याला लांब कुठे जायचं नाहीये हो, महूचं पशुवैद्यकीय कॉलेज १९५५ पासून आपल्या दारात आहे. तिथे वर्षभराचा एक कोर्स का सुरू होऊ नये, आणि पहिल्या सीट्स इंदूरच्या क्लिनिकमध्ये आधीच काम करणाऱ्या मुलामुलींना द्याव्यात, दुपारच्या वेळात क्लास, संध्याकाळी नोकरी चालू. काही डॉक्टर म्हणतात शिकवलं की हे लोक स्वतःचं दुकान टाकतील. मला नाही पटत, दुकान आजही टाकतातच की, आणि टाकणारे न शिकलेलेच जास्त असतात, रजिस्टर असलं तर निदान कोण कुठे काय करतंय ते कळेल. फी थोडी वाढेल हे खरं, पण महागडं पिल्लू घेणाऱ्याने तेवढं द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र कोर्सची वाट न बघता उद्याच व्हायला हवी. हे सगळे जण रोज चावऱ्या जनावरांत काम करतात आणि चावल्यावर इंजेक्शन घ्यायला धावतात. रेबीजची लस चावण्याआधीच टोचून घेता येते, या कामातल्या लोकांनी ती घ्यायलाच हवी, आणि तिचा खर्च क्लिनिकच्या मालकाने उचलायला हवा, त्या मुलाच्या पगारातून कापून नाही.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
सुदामानगर, इंदूर