तरणतलावाकाठच्या पेव्हरना ॲसिड लावू नका

महोदय,

मेच्या सुट्टीत घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या गृहसंकुलांतले तरणतलाव मुलांनी भरून जातात आणि सोसायटी कार्यालयात दोन तक्रारी हमखास येतात: काठावरच्या म्हणजे डेकच्या पेव्हरवर (सिमेंटच्या फरसबंदी ठोकळ्यांवर) दुपारी पाय टेकवत नाही आणि मुलांचे गुडघे सोलवटतात. मग सगळे पेव्हर उखडून नवे बसवण्याचा प्रस्ताव पुढे येतो. बहुतेक ठिकाणी त्याची गरज नसते.

खरखरीतपणा पुष्कळदा आपल्याच हातून आलेला असतो. पांढरे डाग काढायला ॲसिड वापरले, की ते डागाबरोबर वरचा सिमेंटचा थरही खाते आणि खडीची टोके उघडी पडतात. उघड्या छिद्रांत शेवाळ अधिक धरते, म्हणून पुन्हा ॲसिड, असे ते चक्र चालते. त्यातच त्या जागी क्लोरीनचे द्रावण पडले तर विषारी वायू सुटतो. ही दोन्ही रसायने एका खोलीतसुद्धा ठेवू नयेत. सौम्य साबण, नायलॉनचा ब्रश आणि भरपूर पाणी एवढ्यावर बहुतेक मळ निघतो. प्रेशर वॉशर लावायचाच तर पंख्यासारखी धार देणारे नोझल घ्यावे आणि ते निदान फूटभर दूर धरावे.

खरखरीत झालेला पेव्हर पाणी मारत डायमंड पॅडने, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेल्या चकतीने, घासून घेता येतो. आधी 50 नंबरचे भरड पॅड, मग 100 चे त्याहून बारीक, आणि तिथेच थांबावे. आणखी गुळगुळीत केला तर ओल्या पायाला तो घसरडा होतो. आधी एका कोपऱ्यात चार पेव्हर घासून, ओले करून, अनवाणी चालून पाहावे. कडा हाताने घासून बोथट कराव्यात. शेजारच्या पेव्हरपेक्षा 3 मिलिमीटरहून वर आलेला पेव्हर घासू नये. तो उचलून खालची वाळू सारखी करावी व पुन्हा बसवावा. घासताना ओव्हरफ्लोची जाळी प्लास्टिकने झाकायलाच हवी. सिमेंटचा राडा पाण्यात गेला की पीएच (पाण्याचा अल्कलीपणा) चढतो आणि फिल्टरही तुंबतो.

उष्णतेचे मूळ रंगात आहे. काळा, गडद लाल किंवा करडा पेव्हर ऊन शोषतो, फिका परावर्तित करतो. फिक्या बदामी रंगाचे, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक उष्णतारोधक कोटिंग दोन पातळ हातांत द्यावे आणि दुसऱ्या हातात घसरण रोखणारी बारीक पूड मिसळावी. पांढराशुभ्र रंग नको, उन्हात डोळे दिपतात. गच्चीसाठीचा कूल रूफ रंग इथे मारणे ही सर्रास होणारी चूक आहे. तो पायांच्या वर्दळीसाठी नसतो, ओला झाला की निसरडा होतो. पृष्ठभागावर थर धरणारा चकचकीत सीलरही (छिद्रे बंद करणारा लेपही) टाळावा. खालची ओल अडून त्याचे पापुद्रे सुटतात. रंग द्यायचा नसेल तर पृष्ठभागात मुरणारा सिलेन-सिलोक्झेन सीलर चांगला. त्याने पाणी कमी मुरते, ऊन मात्र तेवढेच लागते.

कोटिंगआधी दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावे. सकाळी खाली दव दिसले तर अजून वाळू द्यावे. आपल्याकडे बरेच डेक पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, असतात. खालच्या छताला ओल असेल तर आधी वॉटरप्रूफिंग आणि पाण्याचा उतार पाहावा, नाहीतर वरचा सगळा खर्च वाया जाईल.

पाऊस तोंडावर असताना कार्यकारिणीने कोटिंगचे कंत्राट देऊ नये. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करावे. तोवर पायऱ्या, शॉवर आणि कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंतच्या वाटेवर पाणी झिरपू देणाऱ्या जाळीदार मॅट टाकाव्यात, रोज उचलून त्यांच्याखाली ब्रश मारावा आणि दुपारच्या वेळेसाठी वर शेडनेट बांधावे.

— एक स्थापत्य अभियंता, ठाणे (पश्चिम)