कपाटाची किल्ली कुणाच्या हुकमाने?

महोदय,

सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा मी एकतीस वर्षांपासून वर्गणीदार आहे. गेल्या महिन्यात जातिव्यवस्थेवरचं एक जुनं पुस्तक मागितलं. यादीत नाव आहे, दाखल क्रमांक आहे, पण पुस्तक जागेवर नाही. देवघेवीच्या टेबलावरचा मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "काका, ते आतल्या कपाटात ठेवलंय. चारजण येऊन दम देऊन गेले." लेखी तक्रार? नाही. कार्यकारी मंडळाचा ठराव? तोही नाही. कपाटाची किल्ली मात्र त्याच्याच ड्रॉवरमध्ये. त्या पोराला मी बोल लावणार नाही. उद्या काचा फुटल्या तर समोर तोच असणार.

ते पुस्तक मलाही सगळं पटलेलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा समासात पेन्सिलीने लेखकाशी भांडलो होतो (ग्रंथपालांनी माफ करावं). पुन्हा भांडायला तरी ते हातात हवं ना!

पुस्तक जप्त करायचं तर कायद्यात त्याची रीत आहे. राज्य सरकारला कारणं देऊन अधिसूचना काढावी लागते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली होई, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ९८ खाली. दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. शिवचरित्रावरच्या एका इंग्रजी पुस्तकावर २००४ मध्ये घातलेली बंदी याच वाटेने २००७ मध्ये रद्द झाली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. पण गुपचूप घातलेल्या कुलपाविरुद्ध वाचकाने जायचं कुठे? वस्तुसंग्रहालयातून एखादी वस्तू अशीच आत गेली, तर तिची यादीही आपल्या हातात नसते.

मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत. इंग्रजांच्या बंदीला निदान तारीख असे, खाली साहेबाची सही असे.

तक्रारदाराने नाव-पत्त्यासह लिहून द्यावं, मंडळाने पुस्तक वाचून निर्णय करावा आणि तोवर ते जागेवरच राहावं. सरकारी अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला एवढं अवघड नाही. तसा अर्ज मी दिला, पोचही घेतली. पुस्तक अजून आतच आहे.

– एक वर्गणीदार, सोलापूर